श्रुतलेखनाच्या वेगाने

दर गुरुवारी वेल्टाबाईंची नखं कापायला जाते मी,
रेडिंगला, नदीपलीकडे, कॅव्हरशॅमच्या चढावर.
वय सत्त्याण्णव. गुडघे गेले, कान शाबूत.
सामानाची यादी सांगतात ती अशी:
दूध स्वल्पविराम बटाटे स्वल्पविराम
शेपू कंसात एक जुडी कंस पूर्ण पूर्णविराम.
मी उतरवून घेते, चौथीतल्या शुद्धलेखनासारखी,
जिभेचं टोक दातांत धरून.

सवय जुनी, टेकडीवरच्या त्या मोठ्या घराची.
आवारात तारांचं रान,
आत एकेक देश कानाला लावून बसलेली माणसं,
बहुतेक कुठून ना कुठून पळून आलेली.
वेल्टाबाईंच्या वाट्याला आली
त्यांचा देश गिळून बसलेल्या देशाची
सरकारी वृत्तसंस्था.

रात्री दोनला संस्था सावकाश बोलायची,
आडगावच्या छोट्या वर्तमानपत्रांना लिहून घेता यावं म्हणून.
एक वाक्य. थांबा. तेच वाक्य पुन्हा.
आडनाव आलं की अक्षर अक्षर सुटं करून.
"आम्हांला जाहीर करण्याचा अधिकार देण्यात आला आहे की"
आणि त्या 'की'नंतर पोलाद,
'की'नंतर गहू,
'की'नंतर कुणा पुढाऱ्याची साधी सर्दी,
जी तीन दिवसांनी शोकसंगीत व्हायची.

मग यात बातमी कुठे असायची? मी विचारलं.
म्हणाल्या, काल पाचवं असलेलं नाव आज सातवं आलं, ती बातमी.
नावापुढचं विशेषण गळालं, ती बातमी.
निवेदक मध्येच पाणी प्यायला थांबला, तीसुद्धा,
पण तिच्यासाठी टंकयंत्रावर कळ नव्हती.

अठ्ठावन्न साल, नोव्हेंबर.
गोठ्यांची यादी चालली होती: जिल्हा, शेत, टक्के.
आणि त्यांचंच गाव आलं.
सामूहिक गोठा, प्रमुख,
निवेदक आडनाव सोडवू लागला: झ. व. इ. र.
झ्विरबुलिस. म्हणजे चिमणा.
आल्डिस झ्विरबुलिस, चव्वेचाळीसनंतर ज्याची एक ओळ नाही,
तो भाऊ.
दूध, उद्दिष्टाच्या एकशे बारा टक्के.

एकशे बारा! वेल्टाबाई अजून हसतात.
त्याला मेल्याला धार काढता यायची नाही,
आमची भुरी लाथ घालायची त्याला, बादलीसकट.
थापा मारतोय, म्हणजे जिवंत आहे.

रडलात? नाही.
तेच वाक्य पुन्हा येणार होतं ना.
आलं. दुसऱ्यांदा झ, दुसऱ्यांदा व.
पान एकही चूक न करता टंकलं.
पहाटे संपादकाने, पेटिफर, भला माणूस,
लाल पेन्सिलीने तेवढा परिच्छेद आडवा मारला:
महत्त्वाचं नाही.
कागद घरी न्यायची परवानगी नव्हती.

पुढे दर नोव्हेंबरात ती पाळी त्यांनी मागून घेतली.
बरोबरच्यांना वाटे, बाईला गुरांचा नाद.
एकशे सहा. एकशे अठरा. एका वर्षी नुसतंच शंभर,
तेव्हा आठवडाभर झोप नाही.
मग एका वर्षी तोच गोठा, तेवढेच टक्के,
आणि सोडवून सांगितलेलं नाव भलतंच.

हे मात्र त्या भरभर सांगतात,
विरामचिन्हं न उच्चारता.

मी डावा अंगठा हातात घेते.
नखं पडतात मांडीखालच्या वर्तमानपत्रावर,
कुठल्याशा मंत्र्याच्या हसऱ्या फोटोवर.
यादी वाच, म्हणतात.
दूध, बटाटे, शेपू.
एवढ्या घाईने नाही, म्हणतात.
पुन्हा.